मनगटातली काळी रेघ

वाचकाचं पत्र: डॉक्टरबाई, नमस्कार. माझा मुलगा ११ वर्षांचा, यंदा सहावीत गेला. १२ दिवसांपूर्वी बांधावरच्या जांभळावरून पडला. उजवं मनगट मागच्या बाजूला वाकलं होतं. तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी भूल देऊन हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. कागदावर लिहिलंय, ‘वाढीच्या चकतीला मार, सॉल्टर-हॅरिस टाइप २’. आठवड्याने परत एक्स-रे काढला तेव्हा म्हणाले, थोडं सरकलंय, पण आता हात लावायचा नाही, वाढताना सरळ होईल. आमचा जीव राहीना. वाकडं दिसतंय तर सरळ का करत नाहीत? शिवाय दुसऱ्या, धड हाताचा एक्स-रे काढला होता, त्यातही मला तशीच काळी फट दिसली! सासूबाई म्हणतात, शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे नेऊ, तो एका झटक्यात बसवून कामट्या बांधतो. त्यांचा हात लहानपणी त्याच्याच वडिलांनी बसवला होता. मुलाचे पप्पा काहीच बोलत नाहीत. पोराची उंची खुंटेल का? हात आखूड राहील का? खायला काय घालू? आणि सासूबाईंना गुडघ्याची गादी झिजल्याचं सांगितलंय. त्या विचारतात, पोराच्या मनगटातही गादीच आहे म्हणता, ती माझ्यासारखी झिजली तर? — एक आई, सांगली जिल्हा

ताई,

बाकीचं निवांत वाचा, आधी एवढंच ऐका: त्या मनगटाला आता कुणी हात लावायचा नाही. हाडवैद्याने नाही, आणि तुम्ही दुसरं मत घ्यायला शहरात गेलात नि तिथे कुणी ‘चला, पुन्हा बसवून टाकू’ म्हणालं, तर त्यानेही नाही. तुमचे डॉक्टर आळसाने तसं बोलले नाहीत, की स्वतःची चूक झाकायलाही नाही. मी तिथे असते तर मीही तेच सांगितलं असतं. का, ते सविस्तर लिहिते. ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ हे उत्तर सासूबाईंपुढे टिकायचं नाही, आणि खरं तर टिकूही नये.

त्या काळ्या फटीपासूनच सुरुवात करू. तुम्ही धड हाताचा फोटोही निरखून पाहिलात, हे मला फार आवडलं. दोन्ही हातांचा एक्स-रे आम्ही काढतो तो याचसाठी, की मुलाच्या बाबतीत नेहमीचं काय आणि बिघडलेलं काय हे शेजारी ठेवून कळावं. ती फट नाही. तिथे कूर्चा आहे, म्हणजे तुम्ही जिला गादी म्हणता तोच हाडापेक्षा मऊ, लवचिक पदार्थ. एक्स-रेत पांढरा उमटतो तो हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियम. कूर्चेत चुना नसतो, म्हणून ती जागा काळी दिसते आणि हाडाचं टोक तुटून वेगळं झाल्यासारखं वाटतं. तुमच्या मिस्टरांच्या मनगटाचा फोटो काढला तर ही रेघ सापडणार नाही. त्यांचीही होती, ती केव्हाच भरून हाड झाली. मुलींची साधारण १५ व्या आणि मुलग्यांची १७ व्या वर्षाच्या आसपास मनगटाजवळची रेघ मिटते.

घरी मटण होत असेल तर ही गोष्ट तुमच्या ताटात आहे. नळीच्या टोकाला पांढरी, गुळगुळीत, दाताखाली कुरकुरणारी टोपी असते, ती कूर्चा. आणि बोकड कोवळं असेल तर शिजल्यावर टोकाचा अख्खा गोळा नळीपासून अलगद सुटून हातात येतो. खाटकाने तिथे तोडलेलं नसतं, तरी तो सुटतो. जिथून सुटतो ती जागा म्हणजे तुमच्या मुलाच्या मनगटातली काळी रेघ. आम्ही तिला वाढीची चकती म्हणतो. म्हाताऱ्या जनावराची नळी कितीही शिजवा, टोक असं सुटत नाही.

सासूबाईंना जुन्या विद्येचा अभिमान असेल तर त्यांना सांगा, सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार दिलेत आणि नाकाकानातल्या कूर्चेला तिथे ‘तरुण’ अस्थी म्हटलंय. तरुण अस्थी वाकतात आणि नळीसारख्या अस्थी मोडतात, असंही नोंदवलंय. (सुश्रुतांची हाडांची मोजणी ३०० भरते, आपण २०६ म्हणतो. त्यांनी दात आणि कूर्चाही धरल्या होत्या, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही.) कूर्चेला ‘तरुण हाड’ म्हणणं मला आमच्या पुस्तकी शब्दांपेक्षा नेमकं वाटतं. पोटातल्या बाळाचा सांगाडा, कवटीची वरची हाडं, कॉलर बोन अशी काही वगळली तर, आधी कूर्चेचाच घडतो. मग त्यात मधून चुना भरत जातो, रक्तवाहिन्या शिरतात, आणि कूर्चेच्या जागी हाड येतं. जन्मानंतरही टोकांशी थोडी कूर्चा शिल्लक ठेवलेली असते. तीच वाढीची चकती.

हाड लांब होतं कुठून, याचा उलगडा एका इंग्रज पाद्र्याने केला. स्टीफन हेल्स त्याचं नाव. १७२७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलंय: कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला त्याने अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन बारीक भोकं पाडली. दोन महिन्यांनी पाहिलं तर हाड चांगलं लांब झालेलं, पण दोन भोकांतलं अंतर होतं तेवढंच. म्हणजे हाड रबरासारखं मधून ताणलं जात नाही, टोकांशी नवं घडत जातं. तुमच्याकडे ऊस असेल, तर पाहा: खालची पक्की झालेली पेरं पुन्हा लांबत नाहीत, वाढ शेंड्याकडे चालू असते.

आता त्या चकतीच्या आत काय चालतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथे आहेत. भाकरीची चवड डोळ्यांपुढे आणा. चकतीत कूर्चेच्या पेशी अशाच एकावर एक चवडीत रचलेल्या असतात. अशा हजारो चवडी शेजारी शेजारी. सांध्याच्या बाजूला, म्हणजे चवडीच्या वरच्या अंगाला, बियाण्याच्या पेशी असतात. त्या फुटत राहतात, नव्या पेशी खाली सरकत जातात. खाली सरकता सरकता त्या फुगतात, अगदी टम्म होतात, मग मरतात. त्यांच्याभोवती चुना बसतो आणि खालून येणाऱ्या रक्तवाहिन्यांबरोबर हाड रचणाऱ्या पेशी येऊन त्या सांगाड्यावर खरं हाड लिंपतात. गवंड्याने लाकडी फर्मा लावून स्लॅब ओतावा आणि फर्मा मागे राहून जावा, तसं काहीसं. अशी रोज थोडी थोडी भर पडून मूल वाढतं.

या सगळ्या थरात सर्वांत कमजोर थर कुठला? टम्म फुगलेल्या पेशींचा. मूल हात टेकून पडलं की चकती बहुधा तिथूनच सरकते. सांध्याभोवतीचे बंध मुलांमध्ये या थरापेक्षा मजबूत असतात. म्हणून मोठ्या माणसाचा जिथे सांधा लचकतो, तिथे पोराची चकती सरकते. ‘लचक भरलीय, हळद-तेल लावा’ असं मुलांच्या बाबतीत फोटो न काढता ठरवू नये, ते याचमुळे. तुमचा मुलगा जांभळावरून पडला म्हणजे फांदी कडकन मोडली असणार, जांभळाचं लाकूड तसंच ठिसूळ. मुलांचं हाड त्याच्या उलट, कोवळ्या ओल्या फांदीसारखं: वाकतं, एका बाजूने चिरतं, सालीला धरून राहतं. त्यांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, तेच ही साल. तुमच्या मुलाचं हाड बसवल्यावर जे काही जागेवर टिकलंय ते प्लास्टरइतकंच त्या सालीमुळेही.

‘सॉल्टर-हॅरिस’ ही नावं टोरंटोच्या दोन सर्जनांची. रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ साली चकतीच्या इजांचे पाच प्रकार लावून दिले, ते आजही जगभर चालतात. दुसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो: चीर चकतीच्या कमजोर थरातून आडवी जाते आणि शेवटी हाडाचा एक तिकोनी कोपरा घेऊन बाहेर पडते. यात बियाण्याच्या पेशी वरच्या अंगाला, रक्तपुरवठ्यासह, बहुतेक वेळा सुखरूप राहतात. तिसऱ्या-चौथ्यात चीर त्या पेशींतून थेट सांध्यात उतरते, तिथे तंतोतंत जुळवावं लागतं आणि अनेकदा तारा किंवा स्क्रू घालावे लागतात. पाचवा चिरडल्याचा, तो तर बऱ्याचदा मागाहूनच कळतो. तुमच्या कागदावर दोन आहे. त्याबद्दल मनातल्या मनात देवाला एक नमस्कार करायला हरकत नाही.

मग बाराव्या दिवशी हात का लावायचा नाही? मोडल्या क्षणापासून तिथे काम सुरू झालंय. आधी रक्ताची गाठ बनते, तिच्यात तंतू आणि कोवळी कूर्चा भरते, मग चुना. म्हणजे मोडलेलं हाड जुळताना पोटातल्या बाळाचाच धडा पुन्हा गिरवतं: आधी कूर्चा, मग हाड. चकतीजवळ हे फार झपाट्याने होतं, तीनेक आठवड्यांत जागा बरीच धरते. आता, बाराव्या दिवशी, ती चिकटलेली आहे. तिला झटका दिला तर चीर मूळच्या कमजोर थरातून सुटेलच असं नाही. ती फाटत, घासत वरच्या बियाण्याच्या थरात जाऊ शकते. पडताना जे वाचलं, ते सरळ करण्याच्या नादात मरतं. म्हणून साधारण आठवडा उलटला की चकतीच्या अशा इजेला पुन्हा बसवायच्या फंदात आम्ही पडत नाही. हाडवैद्यांना बोल लावून मी आमच्या लोकांना सोडत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन ओढलेलं एक मनगट माझ्याकडे दोन वर्षांनी आलं होतं. फोटोत अगदी सरळ बसवलेलं, आणि वाढ कायमची थांबलेली.

आणि बाक? तो खरंच जातो. कोपराकडच्या टोकाला हे हाड फारसं वाढत नाही. त्याच्या एकूण लांबीतला तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा याच मनगटाजवळच्या चकतीचा. तुमच्या मुलाला अजून पाच-सहा वर्षं वाढ आहे. तिरकी झालेली चकती एका बाजूने जास्त वाढून हळूहळू आडवी होते. खालच्या हाडातही आतल्या वळणावर भर पडते आणि बाहेरचा फुगवटा खाल्ला जातो. ढोबळ हिशेब महिन्याला एक अंश धरा. मनगट ज्या दिशेला वाकतं, त्या पुढे-मागेच्या दिशेतला बाक सर्वांत छान जातो. पीळ पडला असेल, म्हणजे हाड स्वतःभोवती फिरलं असेल, तर तो असा जात नाही, पण मनगटाच्या या इजेत तसं सहसा होत नाही. थोडक्यात, वर्षभर ते थोडं वाकडं दिसेल. शेजारीपाजारी बोलतील. बोलू द्या.

उंचीचं उत्तर सोपं आहे. उंची पाय आणि पाठीच्या कण्याने ठरते, मनगटाच्या चकतीचा तिच्याशी संबंध नाही. हात आखूड राहण्याचा धोका आहे का? आहे, पण लहान. मनगटाच्या या प्रकारात शंभरातल्या चार-पाच मुलांची वाढ काही प्रमाणात अडते. (हीच इजा गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला असती तर मी इतकी निश्चिंत नसते. तिथे वाढ अडण्याचं प्रमाण फार जास्त आहे.) अडली तर काय होतं तेही सांगून ठेवते. हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात. अंगठ्याकडचं थांबलं आणि करंगळीकडचं वाढत राहिलं, तर पंजा अंगठ्याकडे कलतो आणि करंगळीच्या बाजूचं टेंगूळ वर येतं. लवकर पकडलं तर उपाय आहेत: चकतीवर आलेला हाडाचा पूल काढता येतो, किंवा दुसऱ्या हाडाची वाढ वेळेत थांबवता येते. उशिरा पकडलं तर ऑपरेशनं वाढतात.

म्हणून प्लास्टर निघालं की ‘झालं एकदाचं’ म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. आमच्याकडे लोक नेमकं हेच करतात. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक-एक फोटो काढा. त्यात एक गंमत पाहायला मिळेल. इजेच्या दिवसांत वाढ मंदावते, तिथे चुन्याची आडवी पांढरी रेघ उमटते आणि पुढे वाढ सुरू झाली की ती चकतीपासून दूर सरकत जाते. हिला हॅरिस रेघ म्हणतात (हा हॅरिस वेगळा, हेन्री हॅरिस, ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ). ही पांढरी रेघ काळ्या रेघेला समांतर असली की चकती सगळीकडून सारखी वाढतेय. ती एका जागी काळ्या रेघेला चिकटून तिरकी किंवा तंबूसारखी दिसली, तर तिथे वाढ अडकलीय. तुमची नजर चांगली आहे. डॉक्टरांना विचारा, ‘पांढरी रेघ समांतर आहे का?’ ते आधी चकित होतील, मग नीट दाखवतील.

आता कामट्यांचं. सासूबाईंचा हात बसला, हे मी खरंच मानते. हाड स्वतःहून जुळतं, कुणीही बांधो, न बांधो. शरीरात फार थोड्या गोष्टी अशा आहेत ज्या व्रण न ठेवता मूळ मालानेच भरून येतात, हाड त्यातलं एक. आपण फक्त ते जागेवर धरून ठेवायचं. पण त्यांना दोन्ही मनगटं जोडून नमस्कार करायला सांगा आणि जरा निरखून बघा. आणि मला भीती वेगळीच आहे. कामट्या लावून फडकं करकचून आवळलं की आतली सूज जाणार कुठे? दाब वाढतो, स्नायूंचं रक्त तुटतं आणि सहाएक तासांत ते मरायला लागतात. मेलेले स्नायू आक्रसतात आणि बोटं पंजासारखी वळून राहतात. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ साली हे वर्णन केलं, आणि मी ते एका नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात पाहिलंय. हाड तिचं उत्तम जुळलं होतं. हात मात्र तीन ऑपरेशनांनंतरही पेन धरण्यापुरताच उघडतो.

घट्ट प्लास्टरनेही हे होऊ शकतं. तेव्हा दुखणं औषधाला न जुमानता वाढत गेलं, बोटं हलकेच सरळ केली तरी पोरगं किंचाळलं, बोटं निळी, गार किंवा बधिर झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. सकाळची वाट पाहायची नाही. एरवी बोटं दिवसभर हलवत ठेवू द्या. सध्या पावसाचे दिवस आहेत, प्लास्टर भिजवू नका. आत खाज सुटली म्हणून पट्टी किंवा सुई खुपसू देऊ नका. आत कुठलाही लेप नको, कांडवेलीचाही नाही. तिला ‘हाडसांधी’ म्हणतात, म्हणून ती प्लास्टरच्या आत कोंबलेली मी पाहिलीय, आणि तिच्याखाली सडलेली कातडीही.

प्लास्टर निघाल्यावर हात बारीक, खरखरीत आणि जरा केसाळ दिसेल. सगळं पूर्ववत होतं. मालीश नको. मनगटाला तिची गरज नाही, आणि कोपराला मार असेल तर चोळल्याने स्नायूतच हाड धरायची भीती असते. हे ‘चोळून मोकळं करायचं’ खूळ आपल्याकडे फार आहे. झाड, सायकल, कबड्डी हे प्लास्टरनंतर किमान सहा आठवडे बंद. प्लास्टरमध्ये राहिल्याने बाकीचं हाड थोडं विरळ झालेलं असतं, तेवढ्यात पुन्हा पडला तर पुन्हा मोडतं.

खायला घालण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण यात फार काही नाही. १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. पाव लिटर दुधात ३०० च्या आसपास मिळतं, ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीत पावणेदोनशे, आणि तिळाची चटणी यात सर्वांवर मात करते. हाडाचा जवळपास एक चतुर्थांश भाग प्रथिनांचा असतो, म्हणून डाळ, अंडी, मासे हवेतच. डिंकाचे लाडू खुशाल करा, पण डिंक चिकट म्हणून हाड चिकटवतो असं नाही. त्यात तूप, खोबरं, खारीक आहे, म्हणून पोरगं ते आवडीने खातं आणि तोच त्याचा गुण. ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून दर आठवड्याला देत बसू नका. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो. ड कमी पडल्यावर काय होतं, ते मात्र आपल्या आज्यांना आपल्याहून चांगलं माहीत होतं. मुडदूस! तो याच चकतीचा रोग: चवडीच्या खाली चुना बसतच नाही, चकती मऊ आणि जाड होते, मनगटं फुगतात आणि पाय धनुष्यासारखे वाकतात.

राहिला सासूबाईंचा प्रश्न, आणि तो तुमच्या सगळ्या प्रश्नांत सर्वांत हुशारीचा आहे. नातवाच्या मनगटातली आणि आजीच्या गुडघ्यातली, दोन्ही कूर्चाच. मग एक भरून येते आणि दुसरी का नाही?

कारण दोघींची कामं वेगळी. नातवाची कूर्चा मरायलाच जन्मलेली आहे. तिच्या पायाशी रक्तवाहिन्या टेकलेल्या असतात, आणि स्वतःच्या जागी हाड देऊन ती संपते. पुढे सहा वर्षांनी ती उरणारच नाही, तेव्हा झिजायचा प्रश्न येत नाही. आजीची कूर्चा हाडाच्या टोकावर पांघरलेली, दोन ते चार मिलिमीटर जाड. तिला आयुष्यभर तिथेच राहायचं असतं. तिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. पाणीच सत्तर-ऐंशी टक्के, आणि पेशी इतक्या विरळ की माळरानावर धनगराचं एखादं पाल दिसावं तशा. जखम झाली तर दुरुस्तीला माल पोहोचवणार कोण? विल्यम हंटर या स्कॉटिश डॉक्टरने १७४३ मध्येच लिहून ठेवलं की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही. २०१६ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतले तंतू तपासले. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बनवरून त्यांनी त्या तंतूंचं वय काढलं, तर वयस्क माणसांतले तंतू त्यांच्या तरुणपणीच घडलेले निघाले. त्यानंतर नवे तंतू जवळपास पडतच नाहीत. हाडाचं पाहा, मोठ्या माणसाचाही सांगाडा दरवर्षी सुमारे दहावा हिस्सा बदलत राहतो. सासूबाईंच्या गुडघ्यावर मात्र त्या पंधरा-सोळा वर्षांच्या असताना विणलेलंच कापड आहे. इतकी वर्षं टिकलं हेच आश्चर्य.

म्हणून ‘गादी परत आणणाऱ्या’ गोळ्यांवर पैसे घालवू नका. ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २००६ साली निष्कर्ष आले. सरसकट पाहता औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा त्यांनी जास्त काही केलं नाही. ‘वंगण संपलंय’ हेही खरं नाही. झिजलेल्या गुडघ्यात उलट पाणी जास्त साठतं.

पण करण्यासारखं बरंच आहे. कूर्चेचं पोट हालचालीवर भरतं. स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होतं, तसा सांध्यातला रस तिच्यात जातो-येतो. दुखतंय म्हणून बसून राहिल्या तर ती उपाशी राहते. रोज सपाटीवर चालणं. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरून ठेवणं, दिवसातून दोन-तीनदा, दोन्ही पायांनी, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू भक्कम होतो आणि गुडघ्याचा भार वाटून घेतो. वजन जास्त असेल तर प्रत्येक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. उकिडवं बसून भांडी घासणं आता सुनेकडे द्या म्हणणार होते, पण मग तुमचे गुडघे. त्यापेक्षा ओटा उंच करा. ऑपरेशन एक्स-रे बघून ठरवायचं नाही. रात्रीची झोप मोडायला लागली, घरातल्या घरात चालणं अवघड झालं, तर मग बोलू.

एक उद्योग सुचवते, प्लास्टर आहे तोवर पोराला आणि आजीला मिळून करायला. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं स्वच्छ करून वाळवा. एक काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. पाच-सहा दिवसांत चुना विरघळून ते रबरासारखं होईल, वाकवलं तर वाकेल, मोडणार नाही. दुसरं चुलीत चांगलं पांढरं होईपर्यंत जाळा. त्यातले तंतू जळून जातात, उरतो नुसता चुना, आणि तो चिमटीत खडूसारखा भुगा होतो. धड हाडाला दोन्ही लागतं, हे त्याला डाव्या हाताने वहीत लिहू दे. व्हिनेगर एक दिवसाआड बदला, आणि बरणी पडवीत ठेवा, स्वयंपाकघरात नको. वास सुटतो.